परभणीच्या भिंतीवरचा तारपा

परभणीहून जिंतूरकडे जा, गंगाखेडकडे जा, नाहीतर सेलू-मानवतच्या रस्त्याला लागा. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंतींवर पाढे, महाराष्ट्राचा नकाशा आणि थोरामोठ्यांच्या चेहऱ्यांच्या जोडीला एक चित्र वारंवार भेटतं. गेरूच्या रंगाचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रेघा, टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची माणसं. मधोमध एक जण लांबलचक वाद्य फुंकतोय आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी एकमेकांना धरून गोल गोल वळत गेली आहे. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये तर सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणभिंतींपासून पुलाच्या खांबांपर्यंत हीच साखळी फिरताना दिसते.

ते वाद्य म्हणजे तारपा. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि जोडकामाला मेण. गोदाकाठच्या आमच्या मुलखात हलगी वाजते, संबळ वाजतं. तारपा वाजतो तो इथून रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटर दूर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात. म्हणजे २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात. तिथल्या वारल्यांचं हे चित्र आमच्या शाळेच्या भिंतीवर कसं आलं, कुणी आणलं आणि वाटेत कोण कोण मागे राहिलं, याचा इतिहास जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे. भिंत रंगवणाऱ्याला तो कुणी सांगत नाही, भिंतीखाली बसून डबा खाणाऱ्या मुलांनाही कुणी सांगत नाही. तो सांगावा, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

हे चित्र मुळात कुणा चित्रकाराचं नव्हतं. ते बायांचं होतं. वारल्यांचं घर कुडाचं. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा, वरून गेरू फिरवायचा. घरात लग्न निघालं, की आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर सवाशिणी चौक काढायला बसत. तांदूळ भिजवून वाटायचे, त्या पिठाचं पाणी हा रंग. बांबूच्या काडीचं एक टोक चावून मऊ करायचं, हा कुंचला. चारी बाजूंनी नक्षीदार पट्ट्यांची चौकट आणि आत पालघट, म्हणजे वनस्पतींची, पिकापाण्याची, बाळंतपणाची देवी. तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. चौकटीबाहेर झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. शेजारी छोट्या देवचौकात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. चित्र काढताना आणि नंतर लग्न लावताना धवलेरी गाणी म्हणे. ही धवलेरीही बाईच. वारल्यांचं लग्न तिच्या गाण्यावाचून लागत नसे, आणि चौकावाचूनही लागत नसे.

लग्न झालं की चित्राचं काम संपलं. धुरानं ते काळवंडे, पावसाळ्यात ओल धरे, पुढच्या सारवणात मातीखाली जाई. जपून ठेवण्याची कल्पनाच त्यात नव्हती. आमच्या मराठवाड्यात पंचमीला भिंतीवर नाग काढणाऱ्या आणि दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्या लग्नाची दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणणारी होती. वारल्याकडे लग्नापुरताही पैसा नसे. तो सावकाराकडून, जमीनदाराकडून घ्यायचा आणि त्याच्या फेडीसाठी त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे. नवरा राबे, बायको राबे, मागून मुलं राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. शिवाय वेठबिगार होतीच: जमीनदाराने बोलावलं की स्वतःचं शेत टाकून फुकट कामाला जायचं. म्हणजे ज्या रात्री आतल्या भिंतीवर पालघट उजळत असे, त्याच रात्री घरातला पुरुष जन्मभराच्या गुलामीत जात असे. हे दोन्ही एकाच घरात घडत होतं, आणि वारली चित्राविषयी लिहिणाऱ्यांनी यातली एकच बाजू उचलली तर ते लिखाण गोड होतं, खरं राहत नाही.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान परिषद भरली. तिथे डहाणू-उंबरगावकडचे काही वारली आले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी नंतर त्या भागात गावोगाव पायी हिंडून सभा घेतल्या. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, असं ठरलं. पुढच्या काही महिन्यांत गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या मजुरीचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी गेले. वेठ आणि लग्नगडीच्या प्रथेचा कणा मात्र त्या वर्षाने मोडला. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांचं दुःख पुस्तकातून शिकलेल्या मराठी माणसापर्यंत पोहोचलं, आणि जवळपास त्याच सुमारास वारल्यांचं चित्रही पोहोचायला लागलं. एकाच वाचकाच्या दारात या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. चित्र त्याने घरात घेतलं, भिंतीवर टांगलं. पुस्तक त्यामानाने फार थोड्यांनी वाचलं.

चित्र आणणाऱ्या माणसाचं नाव भास्कर कुलकर्णी. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करणारा हा मराठी चित्रकार. त्याची हकिगत डहाणूपासून नव्हे, बिहारपासून सुरू होते. १९३४ च्या भूकंपात मिथिलेतली घरं पडली, तेव्हा आतल्या भिंतींवरची चित्रं पहिल्यांदा उघड्यावर आली आणि तिथला ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर ती पाहून थक्क झाला. त्यानंतर तीसेक वर्षांनी, १९६६-६७ च्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाने कुलकर्णींना मिथिलेतल्या मधुबनीला पाठवलं. गावातल्या बायांना कागद द्यायचा, भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणायचं, आणि झालेली चित्रं विकत घ्यायची. दुष्काळात घरात चार पैसे यावेत, हा हेतू. आपल्या ७२ च्या दुष्काळात परभणी-बीड-उस्मानाबादच्या बायकांनी खडी फोडली. मधुबनीच्या काही बायकांच्या हाती त्यांच्या दुष्काळात कागद आला. सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी ही नावं त्या कागदावरून देशाला कळली. जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली.

हाच प्रयोग घेऊन कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आले. पाड्यांवर राहिले, लोकांत मिसळले. सवाशिणींना त्यांनी कागद दिले, रंग दिले. तिथे एक वेगळीच गोष्ट घडली. बायांच्या घोळक्यात एक पुरुष चित्र काढत होता.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. आई लहानपणीच गेली, तो धक्का असा बसला की पोरगा कित्येक वर्षं बोलेना. जे सांगायचं ते मातीत काडीने काढून दाखवी. मोठेपणी तो बायांच्या बरोबरीने भिंतीवर काढू लागला. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर शेतीभाती करून राहणाऱ्या या माणसाच्या हातात कागद आला तेव्हा कुलकर्णींना काय दिसलं असेल, याची कल्पना त्यांची चित्रं पाहिली की येते. चौकटीचं बंधन त्यांनी सोडलं. पालघटीच्या चौकाभोवती पूर्वीही नाच असे, झाडं असत, पण चौकच न काढता नुसतं बाहेरचं जग काढायचं, आणि तेही आपल्याला वाटेल तेव्हा, लग्न नसताना, हे नवं होतं. भातलावणी, सुगी, मुंग्यांच्या रांगा, आगगाडी. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मला सगळ्यांत जास्त आवडतं. कागदभर एक अफाट जाळं पसरलेलं, हजारो बारीक रेघांचं, आणि काठाकाठाने चिमुकली माणसं. जाळं स्थिर आहे असं डोळ्याला वाटतच नाही, ते पाण्याबरोबर हलत असतं.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत केकू गांधींनी जिव्यांचं प्रदर्शन भरवलं. ही गॅलरी तेव्हा काळा घोड्याला जहांगीर कलादालनाच्या वरच्या मजल्यावर होती. अंधाऱ्या कुडाच्या आतलं चित्र शहराच्या मध्यभागी, दिव्यांच्या प्रकाशात, विकायला लागलं. पुढच्याच वर्षी जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सन्मानासोबत कबूल झालेली शेतजमीन हातात पडायला मात्र तीन दशकांहून जास्त काळ गेला. जमिनीसाठी झगडलेल्या लोकांमधला हा कलावंत, त्याला पदकापेक्षा जमीन हवी होती, आणि पदक वेळेवर आलं.

इथे एक नोंद करायलाच हवी. चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि कागदाला भाव आला, तशी कुंचल्याची काडी बायांच्या हातातून पुरुषांच्या हातात गेली. लग्नाचा चौक काढणाऱ्या सवाशिणी पाड्यावरच राहिल्या. प्रदर्शनांना, दिल्लीला, परदेशी पुरुष गेले. मधुबनीत बायांची नावं टिकली, डहाणूत फारशी टिकली नाहीत. जिव्यांचं मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही. त्यांनी ज्यांच्याकडे बघून पहिली रेघ काढली, त्यांच्यापैकी कुणाचं नाव आपण आज सांगू शकत नाही, एवढंच.

ज्या काळात कुलकर्णी गंजाडला कागद वाटत होते, नेमक्या त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जवळपास तेच घडत होतं. १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा तरुण चित्रकला शिक्षक मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या नावाच्या वसाहतीत नेमणुकीवर आला. तिथल्या आदिवासींना सरकारने आपापल्या मुलखातून उचलून त्या वसाहतीत आणून ठेवलं होतं. पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा ते वाळूत आणि अंगावर चितारत, विधी झाला की पुसून टाकत. बार्डनच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं चित्र काढलं. कापा नावाचा चित्रकार त्यांच्यात पुढे होता. इंग्रजी शाळेच्या भिंतीवर प्रथमच त्या मुलखाची स्वतःची गोष्ट आली. १९७२ मध्ये या चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची पापुन्या तुला ही कंपनी काढली, ती आजही आहे. शाळेवरचं चित्र मात्र १९७४ मध्ये सरकारी रंगाखाली गेलं.

शाळेची भिंत म्हटली की मला नेहमी ही हकिगत आठवते. पापुन्यात लोक त्यांचे, कथा त्यांची, भिंत त्यांच्या मुलांच्या शाळेची, आणि ती पुसली गेली. पण तेवढ्या काळात त्यांनी आपल्या चित्राची मालकी कागदोपत्री आपल्या हातात घेऊन ठेवली. डहाणूच्या वारल्यांना असं काही करायला चाळीस वर्षं लागली.

१९८९ मध्ये पॅरिसला एक मोठं प्रदर्शन झालं, पाँपिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या जुन्या कत्तलखान्याच्या अवाढव्य दालनात. जगभरातले शंभर कलावंत, निम्मे युरोप-अमेरिकेतले, निम्मे उरलेल्या जगातले, एकाच मानाने मांडायचे, अशी त्याची कल्पना. त्यात जिव्या सोमा म्हसे होते, मिथिलेच्या बउआदेवी होत्या, आणि ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमू गावचे वार्लपिरी आदिवासी होते. वार्लपिरींनी दालनाच्या जमिनीवर मातीचं विस्तीर्ण चित्र घातलं. त्याच्या मागच्या भिंतीवर रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताने ओल्या मातीचे हात फिरवून एक प्रचंड वर्तुळ काढलं. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाला. गोऱ्या कलावंताचं वर्तुळ भिंतीवर उभं आणि आदिवासींचं चित्र त्याच्या पायाशी, असं का, हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि तो योग्यच होता. लाँगला मात्र त्या प्रदर्शनाने डहाणूच्या वाटेवर आणलं असावं, असं मला वाटतं. २००३ मध्ये तो जिव्यांच्या गावी आला, आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचं मिळून प्रदर्शन झालं. चालत चालत माणसाच्या पावलांची रेघ जमिनीवर उमटवणारा एक, आणि मातीत काडीने रेघ ओढून बोलायला शिकलेला दुसरा.

जिव्यांना २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू चित्रं काढतात, आणि गंजाड परिसरात वारली तरुणांची आणखी एक पिढी उभी राहिली आहे. तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊ, राजेश वांगड, अनिल वांगड ही नावं आज जगाच्या कलाव्यवहारात ओळखली जातात.

मग परभणीच्या भिंतीवर त्यांच्यापैकी कुणाचंही नाव का नाही?

याचं उत्तर ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकात शोधावं लागतं. जिव्यांच्या हातातून सुटलेली आकृती फार सोपी दिसते. वर्तुळ, दोन त्रिकोण, चार काड्या. भरतकामवालीला ती जमली, साडीच्या छपाईवाल्याला जमली, दिवाळीच्या भेटकार्डावाल्याला जमली. सरकारी जाहिराती, लग्नपत्रिका, हॉटेलांच्या भिंती, पिशव्या, कप. पाठ्यपुस्तकात ती आली, चित्रकलेच्या परीक्षेत आली. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलासारख्या कंपनीने तिच्यावर आख्खी जाहिरात मोहीम उभी केली. तेव्हा डहाणू तालुक्यातल्या तरुणांनी आदिवासी युवा सेवा संघ, म्हणजे 'आयुश', या संस्थेतर्फे वारली चित्रकलेच्या भौगोलिक मानांकनाचा पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये ते मिळालं. पापुन्याच्या कंपनीनंतर चाळीसेक वर्षांनी.

मानांकनाने विकायच्या वस्तूवर 'वारली' हे नाव कुणी लावावं, याला काही आधार मिळतो. शाळेच्या भिंतीला त्याचा स्पर्शही होत नाही, आणि त्रिकोणांवर मालकी सांगणारा कायदा कुठेच नाही. तो असावा, असंही माझं म्हणणं नाही. स्वच्छ सर्वेक्षण आणि माझी वसुंधरा या मोहिमा आल्या तशी नगरपालिका-महानगरपालिकांना भिंती रंगवण्याची गरज पडली. काम मिळतं ते गावातल्या पेंटरला, आणि त्याला मिळावंच. ज्या पेंटरांनी आमच्या गावांमधली दुकानांची नावं, बसवरच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं आणि निवडणुकीच्या भिंती हाताने रंगवल्या, त्यांच्या पोटावर फ्लेक्सने पाय दिला. शाळेच्या भिंतीने त्यांना पुन्हा थोडं काम दिलं. मोबाइलवर बघून तो तारप्याचा नाच काढतो तेव्हा तो कुणाची चोरी करत नसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की या नाचामागे धवलेरी आहे, लग्नगडी आहे, तलवाड्याचा गोळीबार आहे, गंजाडचा एक न बोलणारा पोरगा आहे. दोष असलाच तर ज्यांनी काम दिलं आणि एवढीही चौकशी केली नाही, त्यांचा आहे.

भोपाळने हे वेगळ्या रीतीने केलं. १९८२ मध्ये भारत भवन उघडलं, तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आपली माणसं मध्य प्रदेशातल्या आदिवासी गावांत पाठवली होती. पाटणगढच्या एका घराच्या भिंतीवर त्यांना परधान गोंड तरुण जनगढसिंग श्याम याचं काम सापडलं. त्याला भोपाळला आणलं, आणि पुढे चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या राज्याच्या विधानभवनाच्या भिंतींवरही त्याने रंगवलं. जिथे कायदे होतात त्या इमारतीवर त्या राज्यातल्या आदिवासीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने काढलेलं चित्र. जनगढचा शेवट जीवघेणा आहे. २००१ मध्ये जपानमधल्या तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात चित्रं काढायला गेलेला हा कलावंत तिथेच आत्महत्या करून गेला, वयाची चाळिशीही पुरी न करता. जिव्याही त्या संग्रहालयात राहून काम करून आले होते. दूरच्या बर्फाळ गावात एकट्याने महिनोन्‌महिने चित्रं काढत राहणं म्हणजे काय, हे त्या दोघांनाच माहीत. भोपाळची ती भिंत त्याच्या नावाने तरी ओळखली जाते. महाराष्ट्रात पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं चांगलं संग्रहालय आहे, पण शहराच्या रस्त्यावर, येत्याजात्याला दिसेल अशा जागी, नाव घेऊन आदिवासी कलावंताला भिंत देण्याची रीत आपल्याकडे पडली नाही.

भिंत मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. ऑस्ट्रेलियाची नवी संसद १९८८ मध्ये कॅनबेराला उभी राहिली. तिच्या दर्शनी प्रांगणात, सगळ्यांत मानाच्या जागी, पापुन्याच्याच मायकेल नेल्सन जागामारा या चित्रकाराच्या रचनेवरून दगडी चित्र जडवलं आहे. सुमारे नव्वद हजार ग्रॅनाइटचे तुकडे, जवळपास दोनशे चौरस मीटर. यापेक्षा मोठा सार्वजनिक मान कुठला? पण १९९३ मध्ये आदिवासींच्या जमिनीच्या हक्कावर संसदेत कायद्याचा घोळ चालू असताना हाच कलावंत छिन्नी घेऊन आला आणि आपल्याच चित्राच्या मधोमधचा एक दगड त्याने उपटून काढला. माझ्या जमिनीचा हक्क तुम्ही मानणार नसाल, तर माझं चित्रही तुमच्या दारात पुरं राहणार नाही, असं ते सांगणं होतं.

चित्राला मान आणि चित्र काढणाऱ्यांच्या जमिनीला नकार, हे मुंबईला आपल्या अंगणात घडताना दिसलं. आरेच्या जंगलात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आजही वारल्यांचे पाडे आहेत. ते शहरात आलेले नाहीत, शहर त्यांच्याभोवती वाढलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात पाडायला सुरुवात झाली, तेव्हा ती अडवायला उभ्या राहिलेल्यांत हे पाडेकरीही होते. त्याच शहराच्या कितीतरी भिंतींवर वारली माणसं झाडाभोवती नाचत होती.

आता परभणी. आमच्या जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत शेकडा दोनाच्या थोडी वर आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली, आणि कळमनुरी, औंढा, सेनगावच्या डोंगराळ भागातली आदिवासी गावं तिच्याबरोबर गेली. हिंगोलीत हाच आकडा शेकडा साडेनऊच्या आसपास आहे. या दोन्ही जिल्ह्यांतले आदिवासी म्हणजे मुख्यतः आंध. पुढे नांदेड, यवतमाळ, वाशीमकडे पसरलेली ही जमात. शेती करणारी, मराठीच बोलणारी, वरताळी आणि खालताळी अशा दोन शाखांची. कळमनुरीला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, ते प्रामुख्याने यांच्यासाठीच. शेजारच्या किनवट-माहूरच्या डोंगरात कोलाम, गोंड आणि परधान आहेत. दिवाळीच्या दिवसांत गोंड-कोलामांची दंडार निघते, मोरपिसांचे भलेमोठे टोप घालून घुसाडी नाचतात. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'आदिवासी' म्हणून जे काही आहे, त्यात आंध नाही, कोलाम नाही, घुसाडीचा टोपही नाही. आहे तो तारपा, जो आंधाच्या पोरानेही कधी ऐकलेला नाही. शाळेत जाणाऱ्या आंध मुलाला ती भिंत सांगते की आदिवासी असा दिसतो, आणि तो स्वतः तसा दिसत नाही. वारल्यांचं नाव पुसलं जाणं आणि आंधांचं नाव मुळीच न येणं, या दोन्ही गोष्टी त्या एकाच पट्ट्यात घडतात. मला त्यातली दुसरी जास्त लागते, कारण ती माझ्या जिल्ह्यातली आहे.

आंधांच्या भिंतीवर काय यावं, हे मी सांगणार नाही. त्यांच्याकडे वारल्यांसारखा लग्नचौक नसेल, पण म्हणून त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही असं होत नाही. त्यांच्या देवांच्या जागा, शेतीचे सण, लग्नातली गाणी, डोंगरातल्या जुन्या वाटा, यातलं काय शाळेच्या भिंतीवर शोभेल आणि काय घरातच राहावं, हे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांनी आणि शिकलेल्या मुलांनी बसून ठरवायचं आहे. पापुन्याच्या वडीलधाऱ्यांनीही नेमकं हेच केलं होतं. कुठली कथा बाहेर दाखवायची आणि कुठली नाही, यावर त्यांच्यात खडाजंगी झाली, काही खुणा त्यांनी पुढे ठिपक्यांखाली झाकल्या. विचारायला जाणाऱ्याने नकाराचीही तयारी ठेवून जावं.

महानगरपालिका पुढची भिंत रंगवायला काढेल, जिल्हा परिषद पुढच्या वर्षी बोलक्या भिंतींचा निधी वाटेल. वारली चित्र हवंच असेल तर गंजाडच्या चित्रकाराला बोलवावं, परभणीच्या पेंटरला त्याच्या जोडीला द्यावं, दोघांना मजुरी द्यावी. नव्याने काढणं परवडत नसेल, तर असलेल्या चित्राखाली निदान चार ओळी लिहाव्यात: हे डहाणूच्या वारल्यांचं चित्र आहे, ते मुळात लग्नाच्या घरी बाया काढत, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगापुढे नेलं. कामाच्या आदेशात आज चौरस फुटाचा दर असतो, रंगाची प्रत असते, मुदत असते. कलावंताचं आणि त्याच्या जमातीचं नाव भिंतीवर लिहावं, हे एक कलम त्यात घालायला वेगळी मंजुरी लागत नाही, आणि ते याच वर्षी घालता येईल.